पिकअपचा हौदा किती फुटी घ्यावा?

सोयाबीनचा पैसा हाती आला की आपल्या धाराशिव भागात पिकअप घ्यायची बोलणी सुरू होतात. मग प्रश्न येतो हौद्याचा: ८ फुटी, ९ फुटी की १० फुटी? शेजाऱ्यानं ९ फुटी घेतली म्हणून आपण १० फुटी, असाही हिशोब चालतो. माझं मत विचाराल तर आधी आपला माल बघा.

सोयाबीनला लांबी लागतच नाही. गाडी दीड टनाची असेल तर ५० किलोचे ३० कट्टे झाले की तिची ताकद संपली. तेवढे ८ फुटीत चार थरांत बसतात. १० फुटीत जागा मोकळी दिसते, म्हणून आणखी १० कट्टे चढतात. हा जादा बोजा मागच्या चाकांच्याही पाठीमागं पडतो. मग तुळजापूरच्या घाटात चढावर स्टेअरिंग हलकं पडतं न् उतारावर ब्रेक पुरत नाही. आरसी बुकात वजन लिहिलेलं असतं, लांबी बघून ते वाढत नाही.

कडबा, झेंडू, द्राक्षांचे क्रेट यांची गोष्ट वेगळी. तिथं वजनाआधी जागा संपते, लांब हौदा हप्ता फेडतो. उस्मानाबादी शेळ्यांचंही तेच. त्या काही थरावर थर रचता येत नाहीत! पाईपसाठी मात्र लांब घेऊ नका. २० फुटी पाईप दोन्हींतून बाहेरच राहतो.

आणि सही करण्याआधी ओळखीच्या कुणाची तेवढीच गाडी आपल्या पाणंदीत आणून वळवून बघा. फाळका बांधाला घासला, तर माल डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणायची मजुरीही हिशोबात धरा.