शंभर टक्के म्हणजे बिघाड नव्हे!

गेल्या महिन्यात आक्काचा फोन आला. आवाज जड होता. म्हणाली, "भाऊ, पोराचा कॉम्प्युटर बिघडला. दुकानदार म्हणतो प्रोसेसर बदला, आणि त्याच्यासंगं मदरबोर्ड पण बदला. चौदा हजार सांगतोय. भिशी उचलू का?"

वाचकहो, हा कॉम्प्युटर आक्काच्या घरी कसा आला ते आम्हाला चांगले ठाऊक आहे. दाजींनी दिवाळीपासून ओव्हरटाइम केला, आक्काने पै पै बाजूला टाकली, तेव्हा कुठे सेकंडहँड का होईना, पण ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर खोलीत आला. भाचा डिप्लोमाला आहे. दिवसा कॉलेजचे ड्रॉइंग, रात्री जेवण झाले की गेम. म्हणून आम्ही विचारले, "बिघडला म्हणजे? चालूच होत नाही का?"

"चालू होतो की. पण गेम अडकत अडकत चालतो. पोरगं म्हणतं, प्रोसेसर शंभर टक्के झालाय."

आम्ही म्हणालो, "आक्का, रविवारपर्यंत भिशीला हात लावू नको. आम्ही येतो."

असे फोन आज अनेक घरांत होत असतील. मुलगा म्हणतो शंभर टक्के, बाप ऐकतो खलास, आणि दुकानदार सांगतो नवा घ्या. तिघांपैकी कुणीही खोटे बोलत नसते. पण शंभर टक्के कशाचे, हा साधा प्रश्न तिघांपैकी कुणी विचारलेला नसतो. आज तोच विचारू.

प्रोसेसर हा कॉम्प्युटरमधला हिशेब करणारा भाग. त्याच्या वापराचे टक्के म्हणजे, ढोबळमानाने, ठरावीक वेळात तो किती वेळ कामात होता आणि किती वेळ रिकामा होता याचा आकडा. पाळीवरचा कामगार आठही तास कामात असला तर त्याला आपण आजारी म्हणत नाही. मोठा व्हिडिओ तयार करायला लावला तरी प्रोसेसर शंभराला जातो, काम संपले की खाली येतो. म्हणजे शंभर हा आकडा फक्त एवढेच सांगतो की काम भरपूर आहे. ते काम कुणाचे, आणि त्यापायी दुसरे कुणी खोळंबले आहे का, हे आपल्यालाच पाहावे लागते.

आता गेम कसा चालतो ते समजून घेऊ. आपल्या आयाबहिणींना हे लगेच कळेल. चपात्यांचा मोठा घाणा काढायचा असला की एक जण लाटते आणि दुसरी तव्यावर भाजते. गेममध्ये लाटणारी म्हणजे प्रोसेसर आणि भाजणारी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. मुलाने कोणते बटण दाबले, मोटार कुठे वळली, रस्त्यावरची माणसे कुणीकडे चालली, कशाला काय धडकले, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काय काढायचे ते ग्राफिक्स कार्डाला सांगतो. मग ग्राफिक्स कार्ड पडद्यावरचे चित्र रंगवते. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात लाटणेही झाले पाहिजे आणि भाजणेही. ३० फ्रेमवर समाधान मानले तर दुप्पट वेळ मिळतो.

लाटणारी मागे पडली तर तवा रिकामा तापत राहतो. भाजणारी मागे पडली तर लाटलेल्या चपात्यांचा ढीग साचतो. म्हणून नुसता प्रोसेसरचा आकडा पाहून काही कळत नाही. दोघींकडे एकदम पाहावे लागते.

रविवारी आम्ही तेच केले. गेम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबायला भाच्याला सांगितले. टास्क मॅनेजर उघडला. विंडोज १० च्या २०१७ नंतरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांचे आकडे तिथे दिसतात. प्रोसेसर ९८ टक्के होता आणि ग्राफिक्स कार्ड ५० च्या आसपास. म्हणजे लाटणारी घामाघूम आणि तवा रिकामा. हेच उलटे असते, ग्राफिक्स कार्ड ९८ आणि प्रोसेसर ५०, तर काळजीचे काही नव्हते. बहुतेक मोठे गेम असेच चालावेत अशी अपेक्षा असते.

भाचा म्हणाला, "मामा, मित्राने सांगितलं म्हणून मी रिझोल्युशन अगदी खाली आणलं. तरी काही फरक नाही." फरक पडणार कसा? रिझोल्युशन कमी केले की भाजणारीचे काम हलके होते. पण ती तर आधीच रिकामी बसली होती! लाटणारीचे काम हलके करायचे तर रस्त्यावरची गर्दी कमी करावी लागते, किती लांबपर्यंतचे दिसावे ते अंतर कमी करावे लागते. त्याचा गेम शहरात मोटारी पळवण्याचा, जीटीए फाइव्ह. त्यात या दोन्ही गोष्टींच्या वेगळ्या सेटिंग आहेत आणि भाच्याने दोन्ही सर्वांत वर ठेवल्या होत्या.

दुसरी गोष्ट. किती चपात्या करायच्या ते कुणी सांगितलेच नाही तर दोघी करतच राहतील. गेमचेही तसेच. फ्रेमवर मर्यादा घातली नाही तर यंत्र जमतील तेवढ्या फ्रेम काढत बसते. भाच्याचा गेम मोकळ्या रस्त्यावर शंभराच्या वर जात होता आणि चौकातल्या गर्दीत तिशीवर कोसळत होता. गेम अडकतो असे वाटत होते ते या चढउतारामुळे. त्याचा पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच बदलणारा. वरच्या चाळीस फ्रेम तयार होऊन वायाच जात होत्या. २०१० साली स्टारक्राफ्ट टू हा गेम आला, तेव्हा त्याच्या साध्या मेनूच्या पडद्यावर फ्रेमला मर्यादा नव्हती. खेळ सुरूही झालेला नसताना लोकांची ग्राफिक्स कार्डे तापू लागली. शेवटी ब्लिझर्ड कंपनीने फाइलमध्ये दोन ओळी घालून मर्यादा कशी लावायची ते खेळणाऱ्यांना सांगितले. एवढा मोठा बोलबाला असलेल्या गेमचे असे झाले, तिथे आपल्या पोराने सेटिंग पाहिली नाही याचे नवल नको.

तिसरी गोष्ट, मागे काय काय चालू आहे ती. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू या रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली की जास्त खाणारा वर येतो. आक्काच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या पंधरा-वीस खिडक्या उघड्या होत्या, त्यातल्या एकीत गाणी चालू. शिवाय दुसऱ्या एका गेमचा अपडेट उतरून उलगडत होता. लाटायला बसलेल्या बाईकडूनच भांडीही घासून घेतल्यासारखे झाले.

एक खोडी मात्र लक्षात ठेवा. कधी कधी एकूण आकडा २५-३० टक्केच दिसतो आणि तरी गेम अडकतो. मुले गोंधळतात. आजच्या प्रोसेसरमध्ये चार, सहा, आठ गाभे असतात, म्हणजे लाटणाऱ्या अनेक. पण काही गेममध्ये मुख्य काम एकीकडेच असते. चौघींपैकी एक पूर्ण कामात आणि तिघी बसलेल्या, तर सरासरी येणार २५. माइनक्राफ्ट हा त्याचा नमुना. त्याच्या जगाचा मुख्य हिशेब बराचसा एकाच गाभ्यावर चालतो आणि सेकंदाला २० ठोके या ठरावीक चालीने पुढे सरकतो. आलेखावर उजवी टिचकी मारून लॉजिकल प्रोसेसर निवडले की प्रत्येकाचा आलेख वेगळा दिसतो.

आता जी गोष्ट ऐकून भाच्याचे डोळे मोठे झाले ती सांगतो. ती याच गेमची आहे. जीटीए फाइव्ह कॉम्प्युटरवर २०१५ साली आला. त्यातला ऑनलाइन भाग उघडायला अनेकांना पाच-सहा मिनिटे लागायची. लोक म्हणायचे, आपला प्रोसेसर जुना. काहींनी नवे घेतले असतील. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर एका प्रोग्रामरने बारकाईने तपासले. सापडले काय? गेम सुरू होताना सुमारे ६३ हजार वस्तूंची यादी वाचत होता. त्यात प्रत्येक नवी वस्तू घेताना ती आधी आली आहे का, हे पाहायला तोवरची सगळी यादी पहिल्यापासून तपासत होता. रेशन दुकानदाराने प्रत्येक गिऱ्हाइकाला रजिस्टर पहिल्या पानापासून वाचून दाखवावे, तसे. हिशेब केला तर १९८ कोटींच्या वर तपासण्या होतात! शिवाय यादीचा मजकूर वाचतानाही दर खेपेला त्याची लांबी शेवटपर्यंत मोजली जात होती. एक गाभा राब राब राबत होता आणि बाकीचे बसून होते. त्या माणसाने दुरुस्ती केली, तेव्हा त्याच्या यंत्रावर सहा मिनिटांचे काम दोन मिनिटांच्या आत आले. रॉकस्टार कंपनीने त्याला १० हजार डॉलर बक्षीस दिले आणि मार्च २०२१ मध्ये ती दुरुस्ती सगळ्यांना पाठवली. वाचकहो, प्रोसेसर पहिल्यापासून इमाने राबतच होता. कामाची आखणीच चुकली होती.

पुढचा प्रश्न आम्ही भाच्याला जरा हलक्या आवाजात विचारला. "हे सगळे गेम आणले कुठून?" जीटीए सवलतीत विकत घेतलेला होता. पण एक गेम मित्राच्या पेनड्राइव्हवरून फुकट आलेला. पोराने मान खाली घातली. आम्ही रागावलो नाही. फुकट गेम किती महाग पडतो ते सांगितले. जून २०२१ मध्ये अव्हास्ट या कंपनीने क्रॅकोनोश नावाच्या व्हायरसची माहिती दिली. मोठमोठ्या गेमच्या चोरट्या प्रतींत लपून तो घरात शिरायचा, अँटिव्हायरस बंद पाडायचा, विंडोजचे अपडेट थांबवायचा, आणि आपल्या प्रोसेसरवर मोनेरो नावाचे आभासी चलन चोरांसाठी कमवायचा. २ लाख २२ हजारांहून अधिक कॉम्प्युटरांत तो पोहोचला होता. यंत्र आपले, विजेचे बिल आपले, कमाई त्यांची. म्हणून गेम बंद असताना आणि काहीच चालू नसताना प्रोसेसर बराच वेळ चढलेला राहिला, तर सावध व्हा. भाच्याने तो गेम काढला आणि पूर्ण तपासणी लावली. काही सापडले नाही. नशीब, म्हणायचे आणि पुन्हा तिकडे जायचे नाही.

मग दाजींनी वायर काढून कॅबिनेटची बाजू उघडली. आत धुळीची गोधडी! फिटर माणूस, स्वतःच म्हणाले, "मशीनला हवा नाही तर ती तापणारच." प्रोसेसर फार तापला, बहुतेकांच्या बाबतीत ९५ ते १०० अंशांच्या आसपास, की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये गिगाहर्ट्झचा आकडा दिसतो. गेम चालू असताना तो घसरू लागला तर उष्णतेचा संशय घ्या. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात खोलीच जितकी तापते तितके आतले तापमान वर जाते. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढा, पंख्याचे पाते धरून ठेवा, लॅपटॉप असेल तर गादीवर ठेवू नका.

विजेचाही हिशेब आक्काला दिला. गेम खेळताना यंत्र २५० वॉट ओढत असेल तर चार तासांत एक युनिट. रोज चार तास म्हणजे महिन्याला तीस. फ्रेमवर मर्यादा घातली की हाही भार हलका होतो.

संध्याकाळी फ्रेम ६० वर बांधल्या, गर्दी आणि अंतर खाली आणले, रिझोल्युशन पुन्हा वर नेले, ब्राउझर बंद केला. प्रोसेसर ७० च्या आसपास आला आणि चित्र आधीपेक्षा स्वच्छ दिसू लागले. खर्च किती? एक ब्रश.

नवे सामान कधीच लागत नाही, असे आम्ही म्हणत नाही. एवढे सगळे करूनही प्रोसेसर शंभरावर आणि ग्राफिक्स कार्ड रिकामे राहत असेल, तर प्रोसेसर खरेच अपुरा आहे. तेव्हाही दुकानदाराला आधी विचारा, याच मदरबोर्डवर यापेक्षा वरचा कोणता बसतो? रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीची दुसरी बसवून फरक पडेल का? पुष्कळदा मदरबोर्ड बदलण्याची गरज पडत नाही.

आणि आईबापांनो, पोरगे टास्क मॅनेजर उघडून बसले तर लगेच "पुन्हा गेम!" म्हणून ओरडू नका. जरा शेजारी बसा. कोणता आकडा काय सांगतो ते त्यालाच विचारा. भाच्याने त्या दिवशी आधीचे आणि नंतरचे आकडे वहीत लिहून काढले. कोण कुणासाठी खोळंबले आहे हे शोधणे त्याला कारखान्यातही करावे लागेल.

निघताना आक्का दारापर्यंत आली. म्हणाली, "म्हणजे चौदा हजार वाचले म्हणायचे."

आम्ही म्हणालो, "वाचले कुठले, आक्का? ते भिशीतच आहेत. पुढच्या सेमिस्टरची फी आहे ना?"