शिपाई व्हायलाही वशिला?

"आरक्षणामुळे सगळ्या नोकऱ्या यांनाच," म्हणणाऱ्यांनी एकदा यवतमाळ जिल्ह्यात यावे. आर्णी, उमरखेड, पांढरकवड्याचा बी.ए. झालेला पोरगा शिपायाची जागा शोधतो आहे. जागा आहे कुठे? खुद्द मंत्रालयाचेच पाहा. २०१८ साली तिथल्या उपाहारगृहात वाढप्यांच्या १३ जागा निघाल्या. पात्रता चौथी पास. अर्ज सुमारे ७ हजार, आणि निवडलेल्यांत १२ पदवीधर! मग चौथी शिकलेल्या मजुराने जायचे कुठे? २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले. शुल्क मागासवर्गीयालाही ९०० रुपये. बेकारांकडूनच वसुली!

त्याच वर्षी ६ सप्टेंबरला शासनाने ९ खासगी कंपन्यांमार्फत भरतीचा निर्णय काढला. बोंब झाली म्हणून ऑक्टोबरात मागे घेतला. पण दवाखान्यातला सफाईगार, कार्यालयातला चौकीदार आजही कंत्राटदाराचाच माणूस असतो. कंत्राटदाराला ना बिंदुनामावली, ना उघडी स्पर्धा. संविधानाचे कलम १६(४) त्याच्या दाराबाहेर उभे. आत चालते ओळख आणि आडनाव. झाडूच्या कामात मात्र आम्हाला न मागता आरक्षण!

चतुर्थ श्रेणीची पदे सरळसेवेने भरा. जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यालयाची बिंदुनामावली फलकावर लावा. बेरोजगाराकडून परीक्षा शुल्क घेणे बंद करा.