हा 'हाकलण्याचा' प्रकार नव्हे

मा. संपादक,

सकाळी शस्त्रक्रिया आणि संध्याकाळी घरी, ही विमा कंपन्यांनी काढलेली टूम असल्याचे आपले लेखक म्हणतात. टूम कसली? ग्लासगोच्या जेम्स निकोल यांनी अशा ८,९८८ बालशस्त्रक्रियांचा वृत्तांत १९०९ मध्येच मांडला होता. शिवाय विम्याचा मूळ नियम २४ तास भरतीचा; डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडणे, हा त्याला अपवाद. म्हणजे गंगा उलटीच वाहते.

सोबतीला कुणी नसेल, मधुमेह आटोक्यात नसेल, तर रुग्णाला ठेवून घ्यावेच. तो नियमच आहे. पण हर्नियाच्या धडधाकट रुग्णाला लघवी झाली, चहा पचला, वेदना गोळीने शमल्या, तर रात्र कशासाठी? व्हरांड्यात सतरंजीवर डास मारणाऱ्या नातेवाइकाला विचारा. मोतीबिंदूवाले रिक्षाने घरी जातात, त्यांच्याबद्दल लेखक गप्प का?

– एक भूलतज्ज्ञ, सांगली