गोल्फ हा व्यायाम आहे का? मसलबर्गच्या जुन्या मैदानाचे उत्तर

एप्रिल-मे आला की ओपीडीत एक ठरावीक गर्दी होते. मुलगा किंवा मुलगी ब्रिटनमध्ये असते, दोन-तीन महिने तिकडे जायचे असते. त्यासाठी पुरेशी औषधे लिहून हवी असतात आणि विमान प्रवासाला डॉक्टरांचा होकार हवा असतो. अलीकडे या यादीत एका प्रश्नाची भर पडली आहे. "डॉक्टर, जावई गोल्फ खेळायला नेतो म्हणतो. माझी बायपास झाली आहे, चालेल का? आणि खरं सांगा, तो व्यायाम आहे की श्रीमंतांचा टाइमपास?"

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. गोल्फ हा चांगला व्यायाम आहे, पण तुम्ही मैदानभर पायी चालणार असाल तरच. आणि साठी ओलांडल्यावर हा खेळ पहिल्यांदा हातात घेणाऱ्याने नामांकित मैदानाच्या मागे लागू नये. एखादे जुने, छोटे, समुद्राकाठचे मैदान शोधावे. तुम्ही एडिनबरोकडे जाणार असाल तर असे एक मैदान शहरापासून जेमतेम १० किलोमीटरवर आहे. त्याचे नाव मसलबर्ग.

मसलबर्ग म्हणजे काय?

गोल्फ म्हटले की लोक सेंट अँड्र्यूजचे नाव घेतात. तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळायला हँडिकॅपचा, म्हणजे तुमच्या कौशल्याचा, दाखला लागतो. नवशिक्याचे तिथे काम नाही. मसलबर्गचे नाव त्या मानाने कमी लोकांनी ऐकलेले असते. तिथे फक्त ९ होल आहेत आणि मैदान सर्वांसाठी खुले आहे. गंमत म्हणजे ते घोड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीच्या आत वसलेले आहे. त्यामुळे जाण्याआधी त्या दिवशी शर्यत नाही ना, हे विचारून घ्यावे.

पण इतिहासात हे मैदान कोणाला कमी नाही. सर जॉन फाउलिस नावाच्या वकिलाने २ मार्च १६७२ रोजी आपण इथे गोल्फमध्ये पैसे हरल्याचे हिशेबाच्या वहीत लिहून ठेवले आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षे आधीची ही नोंद. १८७४ ते १८८९ या काळात ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा इथे ६ वेळा झाली. नंतर मोठ्या स्पर्धा दुसरीकडे गेल्या आणि मसलबर्ग मागे पडले.

मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट इथल्या कोळणींची आहे. पाठीवर माशांची जड टोपली घेऊन या बायका एडिनबरोपर्यंत चालत जात. सुट्टीच्या दिवशी त्या गोल्फ खेळत, असे तिथल्या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवून ठेवले आहे. १८११ च्या नववर्षदिनी त्यांच्यासाठी स्पर्धा ठेवली गेली, आणि बक्षिसांत होती माशांची नवी टोपली आणि शाल. गोल्फ म्हणजे निवृत्त साहेबांनी छोट्या गाडीत बसून खेळायचा खेळ, ही आपल्या मनातली समजूत या एका गोष्टीने दूर व्हायला हरकत नाही.

लिंक्स मैदानाचा शरीराला काय फायदा?

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला जो वाळूचा, आखूड गवताचा पट्टा असतो त्यावरच्या मैदानाला लिंक्स म्हणतात. झाडे जवळपास नसतात. वाळूमुळे पाऊस चटकन जिरतो आणि जमीन टणक राहते. याचे दोन फायदे आहेत.

पहिला फायदा पायांना. चिखल कमी, घसरण कमी. मसलबर्ग तर बरेचसे सपाट आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला डोंगरउतारावरच्या मैदानापेक्षा हे खूप सोपे जाते.

दुसरा फायदा कमरेला, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. नव्या पद्धतीच्या हिरव्यागार, मऊ मैदानावर चेंडू उंच उडवून लांब टाकावा लागतो. त्यासाठी कंबर जोरात पिळावी लागते, आणि त्या क्षणी पाठीच्या खालच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. टणक लिंक्सवर तसे करण्याची गरज नसते. अर्ध्या जोराने, जमिनीलगत मारलेला चेंडूही घरंगळत पुढे जातो. वारा असेल तर असा बुटका फटकाच जास्त उपयोगी पडतो. जे फटके टीव्हीवर दिसत नाहीत, तेच इथे कामाला येतात आणि तुमची कंबरही वाचते.

चालण्याचा हिशेब

इथल्या ९ होलची लांबी साधारण २७०० मीटर भरते. पण चेंडू कधी सरळ जात नाही. तुम्ही डावीकडे जाता, उजवीकडे जाता, गवतात शोधता, एका होलवरून दुसऱ्या होलकडे जाता. असे मिळून साडेतीन ते चार किलोमीटर सहज होतात, म्हणजे सुमारे ५००० पावले. वेळ लागतो दोन तासांच्या आसपास.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करायला सांगते. चालत खेळलेला गोल्फ या मध्यम गटात बसतो. बॅटरीच्या गाडीत बसून खेळलात तर श्रम बरेच कमी होतात. म्हणून मी गाडीला नाही म्हणतो. स्टिकची पिशवी खांद्यावर घेण्यापेक्षा चाकांची ढकलगाडी घ्या. पाठ आणि खांदा दोन्ही सुखी राहतील.

"गोल्फ खेळणारे पाच वर्षे जास्त जगतात" हे खरे का?

हे वाक्य तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचले असेल. त्यामागे खरा अभ्यास आहे. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००८ मध्ये सुमारे ३ लाख गोल्फ खेळाडूंची माहिती तपासली. त्याच वयाच्या, त्याच आर्थिक स्तरातल्या इतर लोकांपेक्षा या खेळाडूंचा मृत्युदर सुमारे ४० टक्के कमी आढळला. आयुष्याच्या भाषेत तो फरक साधारण ५ वर्षांचा होतो.

पण इथे थांबून विचार करा. गोल्फमुळे माणसे जास्त जगली, की मुळात निरोगी असलेली माणसेच गोल्फ खेळत राहिली? ज्याला हार्ट फेल्युअर झाले, ज्याचा गुडघा निकामी झाला, तो खेळ सोडतो आणि खेळाडूंच्या यादीतून हळूच बाहेर पडतो. राहतात ते धडधाकट. अशा अभ्यासातून "दोन गोष्टी एकत्र दिसतात" एवढे कळते. "एकीमुळे दुसरी घडते" हे सिद्ध होत नाही. त्यामुळे गोल्फने आयुष्य ५ वर्षांनी वाढेल असे आश्वासन मी कोणालाही देणार नाही. नियमित चालण्याने रक्तदाब, साखर, झोप आणि मनःस्थिती सुधारते, याचे पुरावे मात्र भक्कम आहेत, आणि चालत खेळलेल्या गोल्फमध्ये ते चालणे आहे.

"मग नुसते चालले तर काय बिघडले?"

काहीच नाही. उलट हृदयासाठी सलग ४० मिनिटे भरभर चालणे हे थांबत-थांबत खेळण्यापेक्षा सरस आहे. तुम्ही रोज तसे चालत असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

पण मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांचे काय होते ते मी परत आल्यावर पाहतो. इथे रोज बागेत चालणारा माणूस तिथे घरात बसतो. रस्ते अनोळखी, हवा थंड, बोलायला कोणी नाही, मुले कामावर. तीन महिन्यांनी वजन चार किलोने वाढलेले असते आणि एचबीएवनसी वर गेलेले असते. "चाला" हा सल्ला त्यांना पाठ असतो. घराबाहेर पाऊल टाकायला कारण नसते.

खेळ ते कारण देतो. पुढचा चेंडू कुठे पडला हे बघायला पाय आपोआप उचलतात. सोबतीला जावई किंवा नातू असतो, दोन तास गप्पा होतात. पंचविशीतला आणि सत्तरीतला माणूस एकाच मैदानावर, आपापल्या ताकदीने एकत्र खेळू शकतात असे खेळ फार नाहीत. शिवाय ९ होल झाले की घरी येता येते. मोठ्या मैदानाच्या १८ होलना चार तास लागतात, आणि शेवटच्या तासात थकलेली पावले अडखळतात. पडण्याचा धोका तेव्हाच जास्त.

जाण्याआधी हे वाचा

*हृदयरुग्णांसाठी:* बायपासनंतर छातीचे हाड पूर्ण सांधेपर्यंत स्टिक फिरवू नये. किमान तीन महिने थांबा आणि मग सर्जनला विचारूनच सुरुवात करा. तिथे जुलैतही दुपारचे तापमान साधारण १९ अंशांच्या आसपास असते आणि वर समुद्राचा वारा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, वाऱ्याविरुद्ध चालताना हृदयाला जास्त काम पडते. ज्यांना अँजायना आहे त्यांच्या छातीत दुखण्याची सुरुवात अशाच वेळी होते. कानटोपी, हातमोजे, वारा अडवणारे जाकीट घाला. जिभेखाली ठेवायची गोळी वरच्या खिशात असू द्या, पिशवीच्या तळाशी नको. छातीत दाब आला तर लगेच थांबा, बसा, गोळी घ्या. दुखणे थांबले नाही तर "हा होल संपवून बघू" म्हणू नका. ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर ९९९ आहे.

*मधुमेहींसाठी:* जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्यामुळे जेवणाची वेळ कधी टळली ते कळत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर अशा वेळी एकदम खाली जाऊ शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. मसलबर्गच्या चौथ्या होलला मिसेस फोर्मन हे नाव आहे, कारण तिथे या नावाचे मद्यगृह होते आणि पूर्वीचे खेळाडू मध्येच घसा ओला करून पुढे जात. तुम्ही ती परंपरा पाळू नका. रिकाम्या पोटी घेतलेली दारू साखर आणखी उतरवते, आणि कमी साखरेची लक्षणे नशेसारखी दिसत असल्याने सोबतच्यांनाही ती ओळखू येत नाहीत.

*कंबर, कोपर, खांदा:* गोल्फमधल्या दुखापती बहुधा कमरेच्या आणि कोपराच्या असतात. दहा मिनिटे अंग मोकळे केल्याशिवाय पहिला फटका मारू नका. आधी दोन-चार वेळा सरावाच्या जागी जाऊन शिकून घ्या. चेंडू उचलताना कमरेत वाकू नका, गुडघे वाकवा. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे चालू असतील तर उठताना सावकाश उठा, चक्कर येऊ शकते.

*कमी ऐकू येणाऱ्यांसाठी:* चेंडू कोणाच्या दिशेने गेला की खेळाडू "फोर" असे ओरडतात. वाऱ्यात ते ऐकू येईलच असे नाही. चांगले ऐकू येणाऱ्या सोबत्याजवळच राहा.

आजारानंतरचा खेळ

मसलबर्गचा एक खेळाडू होता, बॉब फर्ग्युसन. १८८०, १८८१ आणि १८८२ अशी सलग तीन वर्षे त्याने ओपन जिंकली. १८८३ मध्ये याच मैदानावर चौथे विजेतेपद बरोबरीनंतरच्या जादा फेरीत थोडक्यात हुकले. त्यानंतर त्याला टायफॉइड झाला. अँटिबायोटिक यायला अजून अर्धे शतक होते. तो वाचला, पण पहिल्या रांगेतला खेळ परत आला नाही. पुढे तो याच मैदानाची निगा राखू लागला आणि दुसऱ्या खेळाडूंच्या स्टिक वाहू लागला.

कोणी याला शोकांतिका म्हणेल. मी डॉक्टर म्हणून वेगळे बघतो. मोठ्या आजारानंतर पूर्वीची ताकद सगळ्यांना परत मिळत नाही. बायपास झालेल्या, पक्षाघातातून उठलेल्या माझ्या अनेक रुग्णांना हेच सलत असते. "पूर्वीसारखे जमत नाही" म्हणून ते मैदान, बाग, गावचा रस्ता सगळेच सोडून देतात. घरचेही प्रेमाने म्हणतात, "आता आराम करा." तो आराम काही महिन्यांतच स्नायू आणि आत्मविश्वास दोन्ही खाऊन टाकतो.

म्हणून जावई नेतो म्हणाला तर जा. आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, हवी ती तपासणी करून घ्या. मसलबर्गला जमले तर उत्तम. नाही तर जिथे असाल तिथले असेच एखादे साधे, ९ होलचे मैदान शोधा. किती फटके लागले ते मोजू नका. चार होलनंतर दम लागला तर तिथूनच परत फिरा आणि पुढच्या आठवड्यात पाचव्यापर्यंत जा.