ज्ञानमंदिराचे तोंड कुणीकडे?

नामदेवांसाठी औंढा नागनाथाचे देऊळ फिरले, ही कथा मराठवाड्यात घरोघरी सांगितली जाते. समोरून उठवलेला भक्त देवळामागे जाऊन कीर्तनाला उभा राहिला आणि देवानेच त्याच्याकडे तोंड केले. त्याच औंढ्याच्या परिसरात आज विज्ञानाचे मंदिर उभे राहायचे आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा हिंगोलीचे नाव जगात नेईल. प्रश्न आहे तो हिंगोलीच्या मुलांच्या पदरात काय पडणार, हा.

लायगोच्या यशात आरशांइतकाच संगणकांचा आणि त्यांना जोडणाऱ्या जाळ्याचा वाटा आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर नोंदली गेली; सूचना मिळताच जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेला वळल्या. अशा कामासाठी पुण्याच्या ‘आयुका’त ‘सारथी’ हा संगणक-समूह आहे. २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जालाने देशभरच्या संशोधनसंस्था व विद्यापीठे जोडली आहेत.

आणि आपला पदव्युत्तर विद्यार्थी? संगणकजाळ्यांचा विषय तो अनेक ठिकाणी फळ्यावरच्या चौकटी आणि बाणांवरच शिकतो. दूरच्या वाटेवर माहितीचे एखादे पॅकेट हरवले तर पाठवणारा संगणक वेग किती घटवतो, एक दुवा तुटला की वाहतूक दुसऱ्या मार्गाने किती वेळात वळते, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय उमगत नाही. एकाच खोलीतले चार संगणक जोडून ते अंतर अनुभवाला येत नाही.

अमेरिकेत यूटा विद्यापीठाची ‘एम्युलॅब’ संशोधनासाठी उभी राहिली. पण तिची दारे वर्गांनाही उघडी झाली. विद्यार्थ्याला सामायिक यंत्रणेचा एक विलग तुकडा मिळतो. त्यात तो जाळे उभारतो, मुद्दाम मोडतो, पुन्हा जोडतो. शेजारच्या संशोधनाला धक्का लागत नाही.

‘मुलांच्या हाती महागडी यंत्रणा कशी द्यायची?’ हा आक्षेप पोकळ नाही. सुरक्षा हवी, संशोधकांचा वेळही जपला पाहिजे. म्हणून वेधशाळेच्या नियंत्रणाला हात न लावता संगणनाचा थोडा भाग, ठरावीक तासांसाठी, प्रशिक्षित प्राध्यापकाच्या देखरेखीखाली द्यावा. आयुका, सी-डॅक आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांनी एकत्र बसून एका सत्राचा अभ्यासक्रम आखावा. महाविद्यालयांनीही बोलावण्याची वाट न पाहता मागणी नोंदवावी.

१९८७ मध्ये अमेरिकेने आपल्याला महासंगणक नाकारला. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ने त्याचे उत्तर दिले. त्या कार्याचे नेतृत्व करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. प्रज्ञा खेड्यातही जन्मते. तिला साधन मिळाले पाहिजे, एवढेच.

त्या काळी देऊळ फिरवायला नागनाथ धावला. आजच्या ज्ञानमंदिराचे तोंड मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याकडे वळवणे हे मात्र माणसांचेच काम आहे. आणि भिंती उभ्या राहण्यापूर्वीच ते सोपे आहे.