चिन्हे पुसू नका

मतदान यंत्रावरून पक्षांची चिन्हे काढा, उमेदवाराचे नाव आणि छायाचित्र पुरे, अशी मागणी अण्णा हजारे यांनी अनेकदा केली. माणूस पाहून मत द्यावे, हा त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण त्या मागणीला धरून शिकल्यासवरल्या घरांत जे बोलले जाते, ते मला मुळीच मान्य नाही. चिन्हे 1951-52 साली निरक्षरांसाठी आणली, आता लोक शिकले, मग ही चित्रे हवीत कशाला, असे म्हणतात.

शिकले म्हणजे कोणती लिपी शिकले? हैदराबादच्या सुलतान बाजारात या. बडी चावडीच्या रस्त्यावर पाट्या तेलुगू, इंग्रजी, उर्दूत. निजामाच्या काळापासून इथे मराठी घरे आहेत. माझी आत्या मराठी शाळेत शिकली, रोज पोथी वाचते. भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करते, पण तेलुगू अक्षर तिला लागत नाही. यंत्रावर मराठी नसते. नावांची ओळ तिला नुसती वेलबुट्टी दिसते. मग ती चष्मा सावरते आणि बोट उजवीकडे नेते: हात, कमळ, मोटार, पतंग. तिला निरक्षर कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप असा की चित्रे फसवतात. 2019 मध्ये भोंगीर लोकसभेत तेलंगणा राष्ट्र समितीची मोटार 5 हजारांवर मतांनी हरली आणि मोटारीसारख्या दिसणाऱ्या रोड रोलरने जवळपास 28 हजार मते नेली. ती सगळी चुकून पडली असे मी म्हणणार नाही, पण शंका रास्त आहे. मात्र सातारा आठवा. 2024 मध्ये तिथे एका अपक्षाच्या ट्रम्पेटचे मराठी नाव ‘तुतारी’ लावले गेले. शरद पवारांच्या पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. अपक्षाला सुमारे 37 हजार मते मिळाली, निकालाचे अंतर 32 हजारांच्या आसपास होते. तिथे मोठा घोटाळा शब्दाने केला! मग नावेही पुसायची का?

शिवाय चिन्ह नुसते ओळखीपुरते नसते. झेंडा आणि चिन्ह म्हणजे पक्षाने चारचौघांत दिलेला शब्द. 22 जुलै 1947 रोजी घटना समितीने काँग्रेसच्या तिरंग्यातले पट्टे ठेवले आणि चरख्याच्या जागी अशोकचक्र आणले. पक्षाचे निशाण देशाचे व्हायचे, तर पक्षाची खूण बाजूला व्हायला हवी होती. आणि तो तिरंगा इथे, हैदराबाद संस्थानात, फडकवायला बंदी होती. 15 ऑगस्टला देश स्वतंत्र होत असताना निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ अटकेत होते. कापडाला अर्थ नसता, तर निजामाला त्याची एवढी धास्ती कशाला वाटली असती?

अलीकडचेच बघा. तेलंगणा राष्ट्र समितीच्या गुलाबी झेंड्यावर आधी तेलंगणाचा नकाशा होता. 2022 मध्ये पक्ष ‘भारत राष्ट्र समिती’ झाला आणि नकाशा भारताचा आला. फेब्रुवारी 2023 मध्ये तोच झेंडा नांदेडच्या सभेत लागला. वेगळ्या राज्यासाठी जन्मलेला पक्ष कुठे निघाला, हे कळायला जाहीरनामा उघडावा लागला नाही. आत्याने टीव्हीवर तो झेंडा पाहिला आणि विचारले, “आपलं तेलंगण कुठं गेलं रे ह्यातलं?”

निवडणूक आयोगाने मुक्त चिन्हांच्या यादीतून मोटारीसारखे दिसणारे रोलर आणि तुतारीसारखी ऐकू येणारी नावे आधी काढावीत. मोटार, पतंग, हात, कमळ आहेत तिथेच राहू द्यावीत.