वाढ कर्जावर उभी, तोटा मात्र आपल्या माथी



गल्फमध्ये एक गोष्ट सगळेच गृहीत धरून चालतात, ती म्हणजे काम वाढतच जाणार. हा टॉवर झाला की पुढचा, तो झाला की त्याच्या पलीकडचा. एजंट याच भरवशावर व्हिसा विकतो. डेव्हलपर याच भरवशावर न बांधलेले फ्लॅट विकतो. कॉन्ट्रॅक्टर याच भरवशावर बँकेकडून पैसे उचलतो. आणि आपण याच भरवशावर गावाकडं कर्ज काढून विमानात बसतो. चौघांचाही हिशेब एकच असतो, की उद्या आजच्यापेक्षा जास्त मिळेल.

माझं म्हणणं असं की हा हिशेब कायम चालू शकत नाही. आणि तो जेव्हा थांबतो तेव्हा तोटा कुणी सोसायचा हे आधीच ठरलेलं असतं. मी काही अर्थतज्ज्ञ नाही. सिव्हिलचा डिप्लोमा झालाय आणि साइटवर माणसं सांभाळतो. पण ही आकडेमोड बार बेंडिंग शेड्यूलपेक्षा अवघड नाही, म्हणून लिहितोय.

पैसा येतो कुठून?

आपली समजूत अशी की लोक बँकेत ठेवी ठेवतात आणि बँक तेच पैसे दुसऱ्याला कर्ज म्हणून देते. प्रत्यक्षात असं होत नाही. बँक कर्ज मंजूर करते तेव्हा कर्जदाराच्या खात्यावर तेवढी रक्कम लिहिते, आणि तो पैसा त्याच क्षणी तयार होतो. कर्ज फिटलं की तो पैसा परत नाहीसा होतो. ही कुणाच्या सुपीक डोक्यातली कल्पना नाही. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेनं, बँक ऑफ इंग्लंडनं, २०१४ साली आपल्या पत्रिकेत हे स्वच्छ लिहिलं होतं. बँकेवर बंधनं आहेत, भांडवलाचे नियम आहेत, मध्यवर्ती बँकेचा व्याजदर आहे. तरीही बाजारातला बहुतेक पैसा हा कुणाच्या तरी कर्जातूनच जन्मलेला असतो.

आता यात व्याज आलं. काही जण म्हणतात, बँक मुद्दलाचा पैसा तयार करते, व्याजाचा करत नाही, म्हणून नवीन कर्ज काढत राहिल्याशिवाय जुनं फिटूच शकत नाही. हे पूर्ण खरं नाही. बँकेला मिळालेलं व्याज पगार, भाडं, नफा म्हणून परत बाजारात येतं आणि तीच नोट पुन्हा पुन्हा फिरू शकते. जपानकडं बघा. १९९० नंतर तिथली वाढ जवळपास थंडावली, सरकारचं कर्ज वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या दुपटीपेक्षा जास्त झालं, तरी तिथल्या बँका रोज सकाळी उघडतातच. म्हणजे वाढ थांबली की दुसऱ्या दिवशी सगळं कोसळतं असंही नाही.

खरी अडचण वेगाची आहे. कमाई ज्या वेगानं वाढते त्यापेक्षा व्याज जोरात वाढायला लागलं की कुणाला तरी बुडावं लागतं. हे समजायला एक सोपं गणित करा. ७२ ला व्याजदरानं भागलं की रक्कम किती काळात दुप्पट होते ते साधारण कळतं. देशाची अर्थव्यवस्था वर्षाला ३ टक्क्यांनी वाढली तर ती साधारण २४ वर्षांत दुप्पट होते. गावातल्या सावकाराचा दर महिन्याला शेकडा ३ असेल आणि व्याज थकत गेलं, व्याजावर व्याज चढलं, तर ते कर्ज २४ महिन्यांत दुप्पट होतं. आकडा तोच, पण तिथं २४ वर्षं लागतात आणि आपल्या घरी २४ महिने. दोन वर्षांचं काँट्रॅक्टही तेवढ्याच महिन्यांचं असतं, हे लक्षात घ्या.

वर्षाला ३ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? तीच वाढ १०० वर्षं चालली तर आजच्या एकाचे १९ होतात. एका टॉवरच्या जागी १९ टॉवर, आणि त्यांना लागणारी वाळू, पाणी, वीज, राहणारी माणसं. कोणी म्हणेल, वाढ काही फक्त सिमेंटची नसते, सेवांची असते, सॉफ्टवेअरची असते. मान्य. पण आपण जिथं आहोत तिथली वाढ सिमेंट आणि लोखंडाचीच आहे. पाया ठरावीक मजल्यांचा असतो. वरून 'अजून एक मजला चढवा' असं कितीही सांगितलं तरी तो त्याच्या हिशेबापलीकडचं वजन घेत नाही.

हे दुबईत घडून गेलंय

२००८ पर्यंत दुबईत जमिनीचे आणि फ्लॅटचे भाव चढत होते, आणि त्या चढत्या भावाच्या तारणावर नवीन कर्ज मिळत होतं. जगातल्या बँकांनी हात आखडता घेतला आणि घरांचे भाव बघता बघता निम्म्याच्या आसपास आले. २५ नोव्हेंबर २००९ ला सरकारी मालकीच्या दुबई वर्ल्ड समूहानं जाहीर केलं की कर्जाची परतफेड पुढं ढकलायची आहे. १४ डिसेंबरला अबुधाबीनं १० अब्ज डॉलरची मदत दिली. त्यातले ४.१ अब्ज डॉलर नखील कंपनीचे त्याच दिवशी देय असलेले सुकूक फेडायला गेले. सुकूक म्हणजे शरियतला धरून काढलेले रोखे. त्यात व्याज हा शब्द नसतो, पण देण्याची तारीख असतेच. तीनच आठवड्यांनी, ४ जानेवारी २०१० ला, ८२८ मीटरच्या बुर्ज दुबईचं उद्घाटन झालं, आणि त्याच दिवशी अबुधाबीच्या शासकांच्या नावावरून तिचं नाव बुर्ज खलिफा झालं.

त्यानंतर बँकांची समिती बसली, बोलणी झाली, मुदत वाढली, हप्ते नव्यानं बांधून दिले. मोठ्या देणेकऱ्याला बसायला टेबल मिळालं. बंद पडलेल्या साइटवरच्या शटरिंगवाल्याला मात्र व्हिसा कॅन्सल झाल्याचा कागद आणि परतीचं तिकीट मिळालं, आणि बऱ्याच जणांच्या नशिबी तेही वेळेवर आलं नाही. त्याचं गावाकडचं कर्ज कुणी नव्यानं बांधून दिलं नाही.

सौदीत हेच २०१६ ला झालं. जून २०१४ मध्ये पिंपाला ११० डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आलं. सरकारनं कॉन्ट्रॅक्टरांची बिलं अडवली आणि कंपन्यांचे पगार थांबले. सौदी ओजर या बड्या कंपनीच्या कॅम्पांत हजारो माणसं महिनोन्‌महिने बिनपगारी अडकली, त्यात आपले भारतीय होते. जेवणाची सोय आपल्या वकिलातीला करावी लागली आणि परराष्ट्र राज्यमंत्री जेद्द्याला गेले. ३१ जुलै २०१७ ला ती कंपनी बंद झाली. फिलिपिन्सच्या कामगारांच्या थकबाकीचे चेक निघायला २०२४ च्या सुमारास सुरुवात झाली. मधली सात-आठ वर्षं कुणी मोजायची?

कोणी म्हणेल, 'दुबई परत उभी राहिलीच की!' राहिली, मान्य. पण वाढ परत आली म्हणून त्या वेळी घरी गेलेल्याची विकलेली शेती परत येत नाही.

तुम्हीही सावकार आहात, बिनव्याजी

आता मुख्य गोष्ट. आपण स्वतःला फक्त कर्जदार समजतो. पण तुम्ही कर्ज देताही.

महिनाभर तुम्ही काम करता आणि पगार महिना संपल्यावर, कधी पुढच्या महिन्याच्या १०-१५ तारखेला मिळतो. म्हणजे दीड महिन्याचं काम तुम्ही कंपनीला उधार दिलेलं असतं. ५०० माणसांचा कॅम्प आणि सरासरी १,२०० दिरहम पगार धरला तर दीड महिन्याचे ९ लाख दिरहम होतात. एवढी रक्कम कंपनी आपल्याकडून बिनव्याजी, बिनतारण वापरते. त्यात रजेचा पगार आणि ग्रॅच्युइटी धरा. यूएईच्या कायद्यानं वर्ष भरलं की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा बेसिक पगार जमा होत जातो. तो कंपनीच्या वहीत देणं म्हणून लिहिलेला असतो, वेगळ्या खात्यात ठेवलेला सहसा नसतो.

आपण घेतलेल्या कर्जावर शेकडा ३, आणि आपण दिलेल्या कर्जावर शून्य. बँकेकडं गहाण आहे, मटेरियलवाल्याकडं चेक आहे, आपल्याकडं फक्त टाइमशीट. साखळीत आपण सगळ्यात खाली. वर डेव्हलपर, मग मेन कॉन्ट्रॅक्टर, मग सबकॉन्ट्रॅक्टर, मग लेबर सप्लाय. प्रत्येक जण वरच्याकडं बोट दाखवून म्हणतो, 'तिकडून आले की देतो.' बिलातले ५-१० टक्के रिटेन्शन म्हणून अडकवलेले असतात ते वेगळेच. वर बँकेनं नळ बंद केला की शेवटचं कोरडं भांडं आपलं असतं.

आपल्याकडं हे जुनं आहे

१८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, शेतकऱ्यांनी कर्ज उचललं. युद्ध संपलं, भाव पडले, पण खतावरचा आकडा पडला नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जाची खतं जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. १८७९ मध्ये सरकारला दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा करावा लागला, आणि कागदावर सही आहे म्हणून न थांबता कर्जाचा मागचा सगळा हिशेब कोर्टाला उकरून बघता येऊ लागला.

त्याच्याही आधीपासून आपल्याकडं दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शेतातलं पीक काही व्याजाच्या वेगानं वाढत नाही, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी व्याजाला कुंपण घातलं. आजच्या सगळ्या व्यवस्थेत मला तेच कुंपण दिसत नाही.

मग आपण काय मागायचं, काय करायचं?

जगाची बँकव्यवस्था आपण बदलू शकत नाही. पण रांगेतली आपली जागा बदलायची मागणी करू शकतो. कंपनी बुडाली तर बँकेच्या आधी मजुरांचा पगार, ही पहिली मागणी. ग्रॅच्युइटी दर महिन्याला कंपनीच्या हाताबाहेरच्या खात्यात, ही दुसरी. थोडं काही झालंय. यूएईत मालकाला प्रत्येक कामगारामागं किमान ३,००० दिरहमची बँक हमी किंवा विमा द्यावा लागतो आणि विम्याची मर्यादा २०,००० दिरहमपर्यंत आहे. कतारनं २०१८ च्या कायद्यानं कामगारांसाठी निधी काढला. पण जुन्या माणसाची थकबाकी बघितली तर हे अपुरं आहे.

तिसरी मागणी भरतीच्या खर्चाची. यूएईच्या कायद्यानं तो कामगाराकडून घेता येत नाही. भारतात नोंदणीकृत एजंटला घेता येणाऱ्या फीची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. दीड लाख मागणारा एजंट बेकायदा मागतो. आणि ते दीड लाख शेकडा ३ नं काढले तर महिन्याला ४,५०० रुपये नुसतं व्याज जातं. ऊसतोडीच्या उचलीत आणि यात फरक एवढाच की कोयत्याच्या जागी पासपोर्ट आला.

आणि काही गोष्टी आपल्याच हातातल्या:

कर्ज काढताना हिशेब बेसिक पगारावर करा, ओव्हरटाइमवर नाही. मंदी आली की पहिली कात्री ओव्हरटाइमला लागते.

साइटकडं डोळे उघडे ठेवून बघा. भाड्याचं स्कॅफोल्डिंग अर्ध्या कामात उचललं, क्रेनवाला क्रेन घेऊन गेला, रेडीमिक्सची गाडी 'उद्या येईल' असं चार दिवस ऐकलं, तर समजा की वरचा पैसा आटलाय. एक पगार चुकला की कागद गोळा करायला लागा. काँट्रॅक्ट, टाइमशीट, पे-स्लिप यांचे फोटो घरच्यांना पाठवून ठेवा. दुसरा चुकला तर तक्रार करा, आणि चौघं-पाचजण मिळून करा. सहा महिने थांबलात तर मालकावरचं तुमचं बिनव्याजी कर्ज चौपट झालेलं असेल. 'सगळे पैसे मिळाले' अशा कागदावर पैसे हातात पडल्याशिवाय सही करू नका.

गावाकडं बिनपरवाना सावकार छळत असेल तर महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा घरच्यांना सांगा. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. त्यात जमीन लिहून घेतली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो.

वाढ होऊ नये असं मी म्हणत नाही. तिच्यावर आपलीही पोटं आहेत. पण वाढीचा नफा वर जातो आणि तोटा खाली येतो, तोवर 'काम वाढतच जाणार' या बोलण्यावर एक रुपयाही उधार घेऊ नका. आणि पुढच्या वेळी कोणी 'पगार थोडा उशिरा होईल, समजून घ्या' म्हणालं, तर त्याला विचारा की बँकेचा हप्ताही उशिरा जाणार आहे का.